अळंबीचा रंग लोकरीवर बसवताना

रानातल्या अळंबीने रंगवायला लोकर किंवा रेशीम घ्या. सुती कापडावर तोच रंग बहुधा फिकाच उतरतो. रंग पक्का बसावा म्हणून आधी लोकरीला तुरटी लावा; १०० ग्रॅम कोरड्या लोकरीला १० ग्रॅम तुरटी पुरते. ती गरम पाण्यात पूर्ण विरघळवा, भिजवलेली लोकर सोडा, ८० अंशांच्या आसपास तासभर ठेवा.

सुकी अळंबी लोकरीच्या वजनाइतकी घ्या. चुरून तासभर मंद आचेवर शिजवा आणि गाळा. कंटाळा करून गाळणं टाळलंत, तर चुरा धाग्यांत अडकून डाग पडतात. पाणी कोमट झाल्यावरच लोकर घाला, मग हळूहळू तापवत तासभर ठेवा. खळखळून उकळी आली किंवा गरम लोकर एकदम गार पाण्यात गेली, की ती आटून नमद्यासारखी घट्ट होते.

फिओलस श्वाइनिट्झी या अळंबीचा तुरटीवर सोनेरी पिवळा येतो. शेवटी लोकर बाहेर काढून त्याच पाण्यात १ ग्रॅम हिराकस (लोखंडाचा क्षार, फेरस सल्फेट) विरघळवा आणि लोकर परत १० मिनिटं बुडवा. रंग हिरवट होतो. इथे मात्र हात आखडता घ्या, जादा हिराकसाने धागा ठिसूळ होतो. रंग देणाऱ्या काही अळंब्या विषारी असतात, तेव्हा स्वयंपाकाची भांडी यात नकोतच.