डायल-अप जोडणी सारखी तुटते? नवे मॉडेम आणण्यापूर्वी या चुका टाळा

डायल-अपच्या, म्हणजे घरच्या फोनच्या तारेवरून नंबर लावून इंटरनेट जोडण्याच्या काळात, पावसाळा सुरू झाला की घरोघरी एकच तक्रार ऐकू यायची: इंटरनेट लागते, दहा मिनिटे चालते आणि ऐन ई-मेल पाठवताना तुटते. अशा वेळी सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे दोष कुठे आहे हे न पाहता नवे मॉडेम विकत आणणे. मॉडेम संगणकातील माहितीचे आवाजात रूपांतर करते आणि आपण ज्या तांब्याच्या तारेवरून बोलतो त्याच तारेने तो आवाज पाठवते, त्यामुळे तारेतच दोष असेल तर कितीही भारी मॉडेम आणले तरी फरक पडत नाही.

म्हणून तपासाची सुरुवात कानाने करावी. रिसीव्हर उचलून एक आकडा दाबावा, म्हणजे डायलटोन थांबतो. त्यानंतरच्या शांततेत काय ऐकू येते याकडे नीट लक्ष द्यावे. तुटक कडकड किंवा चरचर येत असेल तर बहुधा एखादा सांधा सैल झालेला असतो किंवा त्यात ओल शिरलेली असते. अखंड घुमल्यासारखा आवाज येत असेल तर फोनची तार विजेच्या तारेला लागून गेली आहे का ते पाहावे.

आमच्या घरी हा दोष सापडायला मला दोन पावसाळे लागले. पुढच्या खोलीतून माजघरातल्या फोनसाठी ओढलेली तार खिडकीच्या चौकटीपाशी कधीतरी तुटली होती, ती हाताने पिळून जोडली होती आणि वर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली होती. टेप सोडली तेव्हा तांब्यावर हिरवा थर चढलेला दिसला आणि बोटाने हलवताच पीळ सुटून हातात आला. त्या तारेवरून बोलता येत होते, म्हणून कोणालाच संशय आला नाही. बोलताना एखादा शब्द खरखरीत बुडाला तर आपण तो अंदाजाने ओळखतो. मॉडेमला मात्र माहितीचा तो तुकडा पुन्हा मागवावा लागतो आणि खरखर लांबली की जोडणीच सुटते. तेव्हापासून मी मॉडेमची तार भिंतीवरच्या पहिल्या रोझेटलाच (बाहेरून आलेली फोनची तार जिथे जोडलेली असते त्या डबीला) लावतो, मधे जोड ठेवत नाही, आणि इतरांनाही आग्रहाने तेच सांगतो.

पॅरलल फोन, म्हणजे त्याच लाइनवर लावलेला जादा फोन, हा दुसरा मोठा दोषी. आतल्या खोलीत कोणी रिसीव्हर उचलला की जोडणी तुटते हे सर्वांना माहीत असते, पण रिसीव्हर नीट न ठेवला गेलेला किंवा आतून बिघडलेला फोन कोणी न उचलताही लाइन खराब करतो, हे लक्षात येत नाही. घरातले सगळे फोन काढून एकट्या मॉडेमवर अर्धा तास जोडणी चालवून पाहावी आणि मग एकेक फोन परत लावावा. कॉल वेटिंगची सोय घेतली असेल तर ती बंद करावी, कारण दुसरा कॉल आल्याचा 'बीप' मॉडेमचा आवाज क्षणभर तोडतो.

वेगाबद्दलही गैरसमज आहेत. व्ही.९० या मानकाच्या मॉडेमवर ५६ (सेकंदाला किलोबिट) असे लिहिलेले असले तरी तो आकडा माहिती घरात येण्याच्या वेगाचा आहे. घरातून जाणाऱ्या माहितीचा वेग सेकंदाला ३३.६ किलोबिटच्या पुढे जात नाही. शिवाय सोसायटीच्या किंवा कचेरीच्या अंतर्गत एक्सचेंजमधून लाइन आली असेल तर ५६ चा वेग बहुधा मिळतच नाही. पडद्यावर १,१५,२०० दिसले म्हणून खूश होऊ नये. तो संगणक आणि मॉडेम यांच्यामधला वेग आहे. लाइन कच्ची असेल तर मॉडेमला मुद्दाम ३३.६ वर बांधून ठेवणे हिताचे असते, कारण सलग चाललेली धीमी जोडणी दर पाच मिनिटांनी तुटणाऱ्या वेगवान जोडणीपेक्षा काम लवकर उरकते आणि पुन्हा पुन्हा डायल करण्याचा भुर्दंडही वाचतो.

विंडोज ९८ मध्ये मॉडेमच्या गुणधर्मांत काही काळ वापर न झाल्यास कॉल तोडण्याची खूण असते. जोडणी दर वेळी ठरावीक मिनिटांनी तुटत असेल तर आधी ती पाहावी. तेथेच 'एक्स्ट्रा सेटिंग्ज'च्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत एस१०=५० असे लिहिले, तर समोरचा आवाज हरवल्यावर मॉडेम लगेच फोन न ठेवता पाच सेकंद वाट पाहते. छोट्या खरखरीवर हा उपाय चांगला लागू पडतो, पण एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही.

वळिवाच्या दिवसांत विजेचा प्लग काढून फोनची तार तशीच ठेवू नये. विजेचा धक्का फोनच्या तारेनेही आत येतो आणि मॉडेम जाळतो.

घरातले सर्व तपासूनही पहिल्या रोझेटवर खरखर ऐकू येत असेल, तर दोष बहुधा घराबाहेरच्या तारेत, खांबावरच्या पेटीत किंवा त्यापुढे आहे. मग फोन कंपनीकडे तक्रार नोंदवताना 'इंटरनेट तुटते' असे न सांगता 'बोलताना लाइनवर खरखर येते' असे सांगावे, आणि लाइनमन आल्यावर त्याच रोझेटला साधा फोन लावून तो आवाज त्याला ऐकवावा.