बॅकअपचं शेड्यूल डिझाइन करायला बसताना

पुण्यात यूएक्स डिझायनर म्हणून नोकरी शोधणाऱ्यांच्या वाट्याला बॅकअपचं प्रॉडक्ट येण्याची शक्यता बरीच असते. नेटबॅकअप या बॅकअप सॉफ्टवेअरचं कितीतरी काम वर्षानुवर्षं या शहरात झालंय, आणि ड्रुवा ही बॅकअपची कंपनी तर 2008 साली इथेच सुरू झाली. मी याच क्षेत्रात शेड्यूलिंगच्या स्क्रीन डिझाइन करतो. नव्याने टीममध्ये आलेले बहुतेक जण आधी महिन्याचं कॅलेंडर काढून आणतात: तारखांचे चौकोन आणि त्यात रंगीत पट्ट्या. दिसायला छान, पण बॅकअप ॲडमिनला, म्हणजे कंपनीचे बॅकअप सांभाळणाऱ्याला, त्याचा फारसा उपयोग नाही.

कॅलेंडरवर मीटिंग तीन ते चार म्हणजे तीन ते चारच. बॅकअपची विंडो रात्री 10 ते पहाटे 6 असली, तर तो जॉब, म्हणजे बॅकअपचं एक काम, सुरू करायला दिलेला अवधी असतो. नेटबॅकअपमध्ये पहाटे 5:50 ला सुरू झालेला जॉब विंडो संपल्यावरही चालतच राहतो. उलट रांगेत नंबर लागेपर्यंत विंडो बंद झाली, तर स्टेटस 196 येतो, म्हणजे बॅकअपचा प्रयत्नच झाला नाही. त्यामुळे पडद्यावर परवानगी, अंदाज आणि प्रत्यक्ष या तीन गोष्टी वेगवेगळ्या दिसायला हव्यात. तिन्हींसाठी एकच पट्टी काढली की चित्र खोटं बोलायला लागतं.

अंदाजाचं गणित स्वतः करून बघा. 10 टीबी डेटा 1 गिगाबिटच्या नेटवर्कवरून न्यायचा आहे. वेग फार तर सेकंदाला 125 एमबी, म्हणजे 80,000 सेकंद, साधारण 22 तास. विंडो आठ तासांची! ॲडमिन हा फुल (सगळ्या डेटाचा) बॅकअप मंगळवारी रात्री ठेवत असेल, तर सेव्ह करण्याआधीच त्याला ती पट्टी बुधवारच्या कामाच्या वेळेत घुसलेली दिसली पाहिजे. असे जॉब आधी चालून गेलेले असतील तर त्यांच्या वेळा हाताशी असतातच, त्या वापरा.

एका ग्राहकाच्या डेटा सेंटरमध्ये ॲडमिनच्या शेजारी बसायला मिळालं, तेव्हा त्यांची एक्सेल शीट पाहिली. ओळीत सर्व्हर, स्तंभात अर्धा-अर्धा तास. पहिला स्तंभ मात्र दुपारी बाराचा. कारण विचारलं तर म्हणाले, "अहो, आमचं सगळं रात्री चालतं, मध्यरात्रीच पान फाडून कसं चालेल?" शनिवारी पहाटे एकला चालणाऱ्या जॉबला ते 'शुक्रवारचा बॅकअप' म्हणत होते. मध्यरात्रीपासून दिवस सुरू करणाऱ्या ग्रिडमध्ये शुक्रवारची ही रात्र दोन तुकड्यांत तुटते. तेव्हापासून माझी टाइमलाइन दुपार ते दुपार असते आणि रात्र पडद्याच्या मधोमध येते. असं शेजारी बसायला मिळालं तर कधीही सोडू नका. ॲडमिनला काय हवंय ते त्याने स्वतःसाठी केलेल्या शीटमध्ये आधीच असतं.

भारतात घड्याळं पुढेमागे होत नाहीत, त्यामुळे पुढची गोष्ट आपल्या अंगवळणी पडलेली नसते. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोनचे थेट तीन वाजतात. त्या दिवशी अडीच वाजतच नाहीत. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक ते दोन हा तास दोनदा येतो. नेमक्या याच वेळी बॅकअप लावलेले असतात. टाइमलाइनवर कोणता टाइमझोन दाखवलाय, सर्व्हरचा की बघणाऱ्याचा, हे ठळक लिहा आणि त्या दोन रात्री वेगळ्या दाखवा. तसंच 'दर महिन्याच्या 31 तारखेला' हा पर्याय वर्षातल्या पाच महिन्यांत फसतो, म्हणून 'महिन्याचा शेवटचा दिवस' स्वतंत्र द्या. नियम निवडल्यावर शेजारी पुढच्या सात-आठ वेळा तारखांसह लिहून दाखवल्या, तर असे घोटाळे तिथेच पकडले जातात.

विंडो माउसने ओढून आखता आली की डेमोत टाळ्या मिळतात. ओढणं जरूर ठेवा. पण वेळ टाइप करायची आणि क्लिकने बदलायची सोयही द्या. वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात यासाठीच्या, 2023 मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी 2.2 या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये ओढण्याच्या क्रियेला साधा पर्याय देण्याचा निकष आहे. शिवाय 22:05 ही वेळ ओढून नेमकी पकडणं कोणालाही जड जातं. फुल आणि इन्क्रिमेंटल (फक्त मागच्या बॅकअपनंतर बदललेल्या डेटाचा) हा भेद नुसत्या लाल-हिरव्यावर सोडू नका, अक्षर किंवा आकारही हवा.

पाचशे सर्व्हर असतील तर पाचशे पट्ट्या कोणीच वाचत नाही. तिथे आधी एकत्रित भार दाखवा. सगळे जण रात्री दहाला जॉब लावतात, त्यामुळे दहाला उंच सुळका आणि तीननंतर सपाटी दिसते. तो सुळका बघितला की जॉब कुठे सरकवायचे हे ॲडमिनला सांगावं लागत नाही.

पोर्टफोलिओसाठी सराव हवा असेल तर बॅक्युला हे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर घ्या. त्याच्या नमुना फाइलमध्ये शेड्यूल आहे: महिन्याच्या पहिल्या रविवारी 23:05 ला फुल, बाकीच्या रविवारी डिफरन्शियल (शेवटच्या फुलनंतरचे सगळे बदल), सोमवार ते शनिवार इन्क्रिमेंटल. ते एका महिन्यावर मांडा. मग तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारच्या बॅकअपवर क्लिक केल्यावर तो रिस्टोअर करायला, म्हणजे त्यातून डेटा परत आणायला, मागचे कोणकोणते लागतील ते उजळून दाखवा: पहिल्या रविवारचा फुल, शेवटचा डिफरन्शियल आणि त्यानंतरचे सगळे इन्क्रिमेंटल. त्यातला एक फेल झालाय असं धरून तीच स्क्रीन पुन्हा काढा. मुलाखतीला येणाऱ्यांकडे मी हीच दुसरी स्क्रीन आधी मागतो.