स्टॉकहोम एका दिवसात? निदान या चुका टाळा

जून उजाडला की आमच्याकडे स्टॉकहोमला कुणी ना कुणी येतं, आणि येताना फोनमध्ये यादी घेऊन येतं. गामला स्तान म्हणजे जुनं शहर, राजवाडा, सिटी हॉल, वासा जहाज, स्कान्सेन हे खुलं संग्रहालय, बोटीची फेरी, जमलंच तर 'अब्बा' या पॉप बँडचं म्युझियम. दिवस एकच, आणि सोबत सत्तरीच्या आजी नि चार वर्षांचं पोर. मी हल्ली यादी वाचतच नाही.

सगळ्यात महागात पडतं ते उजेडावर विसंबणं. जूनमध्ये इथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे 'अजून बख्खळ वेळ आहे' असं वाटत राहतं. दोन वर्षांपूर्वी नाशिकहून मामा-मामी, त्यांची सून आणि नातू आले होते. मी सकाळीच म्हटलं, आधी वासा. मामा म्हणाले, "अगं, जहाज कुठे पळून जातंय? सव्वाबाराला राजवाड्यावर पहारा बदलतो, तो आधी बघू." पहारा बघितला, बँड ऐकला. मग ती 90 सेंटीमीटर रुंदीची प्रसिद्ध गल्ली. तिथल्या 36 पायऱ्या सुनेने आणि मी बाबागाडी उचलून चढलो, कारण फोटो हवा होता. मग कॉफी, मग आइस्क्रीम, मग आजीबाईंचे पाय. वासाच्या दारात पोचलो तेव्हा सहाला पाच कमी होते. ऊन आपल्याकडच्या चारच्या उन्हासारखं लख्ख, आणि आतली माणसं बाहेर पडत होती. 1628 साली पहिल्याच सफरीत जेमतेम तेराशे मीटरवर बुडालेलं आणि 1961 साली वर काढलेलं ते अख्खं लाकडी जहाज भिंतीपलीकडे होतं. मामांनी बाहेरूनच म्युझियमच्या छपरावरच्या खोट्या डोलकाठ्या बघितल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे विमान. नाशकात मात्र 'जहाज बघितलं' असंच सांगतात.

तेव्हापासून माझ्या घरचा नियम: उन्हाळ्यात साडेआठला, दार उघडायच्या वेळी, वासा. अठरापर्यंतच्या मुलांना तिकीट नाही. आत गार असतं, आजींची शाल हाताशी ठेवा. दोन तास तिथे, मग साडेअकराला जेवण. आठवड्याच्या दिवशी बहुतेक हॉटेलांत दुपारी दोनपर्यंत 'आजचं जेवण' मिळतं, सॅलड-पाव-कॉफीसकट. तीन वाजता भूक लागली म्हणून आत शिरलात तर खिशाला भोक. त्यानंतर फक्त गामला स्तान. राजवाडा बाहेरून. बाकी सगळं पुढच्या वेळी, आणि यावर माझ्याशी वाद घालू नका.

दुसरी चूक बोटीची. पाणी दिसलं की लोक कानाला हेडफोन लावून बसायच्या महागड्या फेरीचं तिकीट काढून मोकळे होतात. गामला स्तानला लागून असलेल्या स्लुसनहून युरगोर्देनला, म्हणजे वासा ज्या बेटावर आहे तिथे, 82 नंबरची साधी बोट जाते. मेट्रोचंच 75 मिनिटांचं तिकीट तिथे चालतं, आणि इथली माणसं त्याच बोटीने कामावर जातात. गामला स्तानचे उतरते रंगीत दर्शनी भाग पाण्यावरूनच नीट दिसतात. मला विचाराल तर नातवंडांना एवढी बोट पुरते.

रोख पैसे आणू नका. मामांनी बदलून आणलेल्या नोटा तशाच परत नेल्या. बसमध्ये तर रोख घेतच नाहीत.

शहर 14 बेटांवर आहे. नकाशात हातभर अंतरावर दिसणारी जागा पूल शोधत जाताना अर्धा तास खाते.

नवे बूट दगडी रस्त्यांवर पहिल्यांदा घालू नका. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, नळाचं पाणी उत्तम आहे. जून असला तरी जॅकेट घ्या. नको म्हणणारेच संध्याकाळी माझं मागतात.

आणि काठावर बसून डबा उघडलात तर आधी वर बघा. मामींनी नाशिकहून आणलेली दशमी नातवाच्या हातातून सीगलने उचलली, आणि पोर अजूनही पांढरा पक्षी दिसला की हात मागे घेतं.