पावसाळी रात्री आंबोलीतील बेडूक पाहायला जाण्यापूर्वी

तारीख ठरवण्याआधी काय पाहायचे ते ठरवावे. आंबोली टोड ही 2009 मध्ये शास्त्रीयदृष्ट्या वर्णन झालेली आणि अत्यंत संकटग्रस्त असलेली जात पाहायची असेल, तर पावसाच्या सुरुवातीचे दिवस गाठावेत, कारण सड्यावरच्या, म्हणजे खडकाळ पठारावरच्या, जांभ्या दगडातील उथळ डबक्यांत त्यांची वीण तेव्हा होते. राखीव वनात रात्री शिरण्यासाठी वनविभागाची परवानगी लागते. ती आधीच घ्यावी आणि सोबत स्थानिक मार्गदर्शक असावा.

निघण्यापूर्वी बुटांचे तळवे घासून, जंतुनाशकाने धुऊन पूर्ण वाळवावेत. कायट्रिड बुरशीने जगभर बेडकांच्या अनेक जातींना ग्रासले आहे आणि ती ओल्या चिखलातून एका पाणवठ्यावरून दुसऱ्या पाणवठ्यावर जाऊ शकते. ही पायरी बहुतेक जण गाळतात. माझ्या मते ती यादीत सर्वांत वर असावी. बूट गुडघ्यापर्यंतचे रबरी गमबूट असावेत, कारण पायवाटेलगतच्या झुडपांवर आणि दगडांवर मलबारी चापडा हा विषारी साप बसलेला असतो आणि आपल्याकडे मिळणारी सर्पविषावरील लस नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांसाठी असते, चापड्यासाठी नसते. सावंतवाडीच्या रुग्णालयाचा क्रमांक आणि तिथवर नेणारे वाहन या दोन्हींची सोय करून ठेवावी. जळवांसाठी जाड, लांब मोजे पुरतात.

विजेऱ्या दोन घ्याव्यात, एक डोक्यावरची आणि एक हातातली, शिवाय जादा सेल. छत्रीऐवजी रेनकोट बरा, कारण हात मोकळे राहतात. वही जलरोधक कागदाची आणि पेन्सिल शिशाची असावी. शाई या पावसात टिकत नाही.

ओळख पटवण्यासाठी पाठीचा एक सुंदर फोटो पुरेसा नसतो. बुश फ्रॉग या झुडपांवरच्या लहान बेडकांच्या एकाच जातीत रंग आणि पाठीवरची नक्षी इतकी बदलते की निव्वळ वरून काढलेल्या फोटोवर जाणकारही नाव सांगायला कचरतात. म्हणून डोळा व कानाचा पडदा दिसेल असा बाजूचा फोटो, बोटांची टोके आणि त्यांमधील पडदा दाखवणारा फोटो आणि प्राणी कुठे बसला आहे हे दाखवणारा थोडा दुरून काढलेला फोटो, असे किमान तीन फोटो काढण्याचे आधीच ठरवून जावे. त्याहून मोलाचा असतो आवाज. मोबाईलमध्ये ध्वनिमुद्रणाची सोय तपासून घ्यावी, एक मिनिट कोणीही न बोलता मुद्रण करावे आणि शेवटी वेळ, ठिकाण व बेडूक जमिनीपासून किती उंचीवर होता ते स्वतःच्या आवाजात नोंदवावे. पाऊस पडत होता की थांबला होता, हेही सांगावे.

सोबतच्या सर्वांना काही गोष्टी निघतानाच सांगाव्यात. बेडूक हातात घ्यायचा नाही. फोटोसाठी फांदी वाकवायची नाही, कारण मलबार ग्लायडिंग फ्रॉगचे फेसाचे घरटे पाण्यावर झुकलेल्या पानांना असते आणि त्यातील पिल्ले बरोबर खालच्या पाण्यात पडावी लागतात. पालापाचोळ्यात पाय टाकायचा नाही. आंबोली बुश फ्रॉगच्या अंड्यांतून डिंभक (शेपटीची, पाण्यात वाढणारी पिल्ले) न निघता थेट छोटे बेडूक बाहेर येतात, त्यामुळे ती अंडी पाण्याबाहेर, अशा पाचोळ्यातही असू शकतात. पावसात बेडूक डांबरी रस्त्यावर येऊन बसतात, म्हणून गाडी हळू चालवायची, आणि शक्य तेथे ती उभी करून चालायचे.

परतल्यावर नोंदी आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकायच्या असतील तर खाते आधीच उघडून ठेवावे आणि दुर्मीळ जातींचे नेमके स्थान झाकलेले राहील अशी निवड करावी. फोटोंच्या मूळ फाइलींतही स्थान नोंदलेले असते, त्यामुळे त्या व्हॉट्सॲप गटावर डॉक्युमेंट म्हणून पाठवण्याआधी ते काढून टाकावे.