पालकांना शाळेच्या कामात घ्यायचंय? सभेआधीची तयारी

उत्तराची वही, म्हणजे पालकांच्या सूचना आणि त्यांची उत्तरं लिहायची वही, आधी आणा, मग बाकीचं. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. पालकसभेची तारीख ठरवण्याआधी ती आखून तयार हवी. मागच्या खेपेला आमच्याकडून हीच राहिली. सभा भरली, माणसं मोकळेपणाने बोलली, सूचना इतिवृत्तात गेल्या, पण त्यांचं पुढे काय झालं हे कोणालाच कळवलं गेलं नाही. पुढच्या सभेला निम्मी सतरंजी रिकामी होती.

वहीला सहा रकाने पुरतात. पहिला क्रमांकाचा. दुसऱ्यात पालकाचं म्हणणं, त्याच्याच शब्दांत. ‘मुलींच्या संडासाला कडी नाही’ असं एखादी आई म्हणाली तर तसंच लिहा. ‘स्वच्छतागृहाबाबत सूचना’ असं लिहिलंत तर महिन्याभराने ते नेमकं काय होतं हे लिहिणाऱ्यालाही आठवणार नाही. तिसऱ्यात, हे कोणाच्या हातात आहे: वर्गशिक्षकाच्या, मुख्याध्यापकांच्या, शाळा व्यवस्थापन समितीच्या, की ग्रामपंचायत-महापालिकेच्या. चौथ्यात जबाबदार माणसाचं नाव, आणि ते एकच. दोन नावं लिहिली की दोघंही दुसऱ्याची वाट बघतात. पाचव्यात उत्तर द्यायची तारीख, सभेपासून पंधरा दिवसांच्या आतली. सहावा रकाना उत्तराचा, तो सगळ्यात रुंद ठेवा.

वही मुख्याध्यापकांकडे देऊ नका. पोषण आहाराचा हिशेब, यू-डायसवर (शाळांच्या सरकारी नोंदणीत) भरायची माहिती, केंद्रावरच्या बैठका यांत ती दबून जाते, आणि बदली झाली की वहीतलं काय तडीला गेलं, काय राहिलं, हे सांगणारं कोणी उरत नाही. एक शिक्षक आणि समितीतली एक आई, अशा दोघांकडे द्या.

आता समिती. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात, आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. शाळा विकास आराखडा करणं हे कलम २२ ने या समितीवर टाकलेलं काम आहे. खासगी अनुदानित शाळेत मात्र समिती सल्ल्यापुरती असते, तेव्हा तिथे पालकांना खोटी आशा लावू नका. हे बहुतेकांना पाठ असतं. तपासलं जात नाही ते वेगळंच: यादीतल्या सदस्याचं मूल अजून शाळेत आहे का? मूल शाळा सोडून दुसरीकडे गेलं आणि वडील समितीत राहिले, असं सर्रास होतं. दुसरं, एका कागदावर वस्त्या, वाड्या, पाडे लिहा, पुढे प्रत्येक ठिकाणची मुलं किती आणि समितीत माणसं किती ते लिहा. ज्या पाड्यावरून वीस मुलं येतात आणि समितीत कोणीच नाही, तिथे सभेआधी स्वतः चालत जा. तिथल्या लोकांना गावात बोलावून विचारू नका. गावात आले की ते मागे उभे राहतात आणि गप्प बसतात.

वेळ ठरवताना आपल्या सोयीचा, शनिवारी सकाळची शाळा सुटल्यानंतरचा, धरू नका. हे नाशिक आहे, इथे प्रत्येक तालुक्याचं घड्याळ निराळं. सातपूर-अंबडकडच्या शाळेत पालक कारखान्यात पाळीत असतात आणि पाळी आठवड्याने फिरते, म्हणून एकच सभा घेतली की एक पाळी कायमची सुटते. एकच विषय दोनदा घ्या, एकदा संध्याकाळी सहाला आणि एकदा रविवारी सकाळी दहाला. शहरात गोदाकाठी बुधवारचा बाजार भरतो. पंचवटी आणि जुन्या नाशकातल्या ज्या घरांचं पोट त्या बाजारावर आहे त्यांना बुधवारी बोलावून उपयोग नाही.

निफाड-दिंडोरीकडे पाऊस ओसरला की द्राक्षाची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, सुरू होते. तिच्यामागोमाग फेल (जादा फुटवे) काढणं, घडांची विरळणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं). पेठ-सुरगाण्याहून जोडपी कामाला येतात. मूल कधी बरोबर येतं, कधी पाड्यावर आजीपाशी राहतं. आजीपाशी राहिलेल्या मुलाची पालक आजी आहे, निमंत्रण तिच्या नावाने जायला हवं. जानेवारीपासून द्राक्षाची काढणी, त्याच सुमाराला उन्हाळ कांद्याची लागण. लागणीच्या टोळ्या उक्त्यावर असतात; एक बाई उठून गेली तर तिच्या वाटचं काम बाकीच्यांवर पडतं, म्हणून ती येत नाही. तिला शाळेची काळजी नाही असा अर्थ काढू नका. या भागात मोठी सभा जुलै-ऑगस्टमध्येच उरकावी, नंतर लहान गटांना त्यांच्या वस्तीवर, काम सुटल्यावर भेटावं. त्र्यंबकच्या वाटेवरच्या गावांत पौष वद्य एकादशीच्या आधीचा आठवडा सोडा, निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंड्या निघालेल्या असतात आणि मुक्काम, पंगती यांत सगळं गाव गुंतलेलं असतं.

सभा पंचेचाळीस मिनिटांची. घड्याळ लावून. दिवसा बोलावलंत तर कोणाचा तरी रोज बुडणार आहे हे ध्यानात ठेवा, आणि पंचेचाळीस सांगून दोन तास बसवलंत तर पुढच्या वेळी ते माणूस कामावर जाईल.

निमंत्रणाची चिठ्ठी मुलाच्या दप्तरात टाकली म्हणजे पोचली असं नाही. वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटातला मजकूरही निम्म्या घरांत पोचत नाही, कारण फोन वडिलांबरोबर कामावर जातो आणि मजकूर आईला दिसतच नाही. तेव्हा तीन गोष्टी: आवाजी निरोप, चाळीस सेकंदांच्या आत, वर्गशिक्षकाच्या स्वतःच्या आवाजात; साधा फोन असलेल्या घरांना थेट फोन; आणि आईचा वेगळा नंबर असेल तर तो आत्ताच हजेरीपटाशेजारी लिहून घ्या. अंबड लिंक रोडकडे कित्येक घरांत हिंदी, पेठ-सुरगाण्याकडे कोकणा आदिवासींची कोकणी बोली. तिथे मात्र निरोप त्या बोलीत, त्या घरांतल्याच कोणाकडून बोलून घ्या. निरोपात ‘उपस्थित राहावे’ नको. ‘मागच्या वेळी तुम्ही जे सांगितलं त्याचं काय झालं ते सांगणार आहोत’ हे वाक्य हवं. पहिलीच सभा असेल तर ‘तुम्ही जे सांगाल त्याचं उत्तर पंधरा दिवसांत देऊ’ असं म्हणा, आणि वही आखलेली नसेल तर हे वाक्य म्हणू नका.

आकडे न्यायचे, पण टक्के न्यायचे नाहीत. ‘तिसरीत ३० मुलं, त्यांतली १२ दुसरीच्या पुस्तकातला उतारा न अडखळता वाचतात’ हे कळतं, ‘४० टक्के’ कळत नाही. मुलांचे उतारे सभेच्या आधीच्या आठवड्यात घ्या, जुन्या चाचणीचे आकडे उचलू नका. प्रत्येक पालकाला त्याच्या मुलाची वेगळी चिठ्ठी, घडी घालून, हातात. कोणाच्याही मुलाचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही, चांगल्यासाठीसुद्धा नाही. शेजारी बसलेल्या आईच्या मनात लगेच तुलना सुरू होते आणि ती पुढे बोलत नाही. त्याबरोबर दोनच आकडे आणखी: महिनावार हजेरी, आणि चालू स्थितीतली शौचालयं व नळ. जास्त नेलेत तर सभा आकड्यांतच संपते.

‘काही सूचना आहेत का?’ हा प्रश्न विचारू नका. त्याला एकच उत्तर येतं, ‘नाही सर, सगळं छान आहे.’ नेमकं विचारा. मूल घरी किती वाजता अभ्यासाला बसतं, कुठे बसतं, जवळ कोण असतं? शाळेत यायला मूल कधी कंटाळतं, कुठल्या वारी? शाळेतली कुठली एक गोष्ट या महिन्यात बदलली तर तुमच्या मुलाला फरक पडेल? तीन प्रश्न पुरेत. सहा-सात जणांचे गट करा, प्रत्येक गटात एक शिक्षक, पण स्वतःच्या वर्गाच्या पालकांत नाही, कारण वर्गशिक्षकासमोर त्याच्याच वर्गाची तक्रार कोणी करत नाही. लिहायला गटातली एखादी आई किंवा ताई. तिने लिहिलेला कागद तसाच वहीत चिकटवा. पुन्हा सांगतो, वहीत. सुट्या कागदांचं गाठोडं कपाटात गेलं की संपलं.

पैसे मागू नका. पहिल्या सभेत तर अजिबात नाही, रंगरंगोटीसाठी नाही, संगणकासाठी नाही. शाळेने बोलावलं म्हणजे वर्गणी, असा समज एकदा झाला की तो वर्षानुवर्षं जात नाही. मागायचंच असेल तर वेळ मागा, आणि तोही मोजून. आठवड्यातून एकदा दोन पालकांनी पोषण आहार शिजल्यावर चाखून नोंदवहीत सही करणं. मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडून मुलं येत असतील तर सकाळी वीस मिनिटं आळीपाळीने रस्त्याशी उभं राहणं. ज्या आईला वाचता येत नाही तिनेही रोज दहा मिनिटं मुलाला मोठ्याने वाचायला बसवायचं आणि मध्येच विचारायचं, ‘मग पुढं काय झालं?’ हे तिला सभेतच करून दाखवा, शिक्षकाने मूल होऊन वाचावं आणि तिने विचारावं. गवंडी, नळजोडणीवाले, सुतार पालकांत असतात, त्यांची मदत जरूर घ्या. फक्त विजेचं काम परवानाधारकाशिवाय कोणाला देऊ नका.

सभेचा दिवस. सतरंज्या, पाणी, लहान भावंडांसाठी एक खोली आणि तिथे सांभाळायला कोणी. शिक्षक खुर्चीवर आणि पालक खाली, असं नको. सगळे खाली गोलात, गुडघे दुखणाऱ्यांना खुर्च्या. पाहुणा नको, सत्कार नको, सरपंच किंवा नगरसेवक आले तर तेही गटात बसतील हे आधी सांगून ठेवा. पहिली पाच मिनिटं वहीची, मागच्या सूचना आणि त्यांची उत्तरं वाचून दाखवायची. शेवटची पाच मिनिटंही वहीची, आज काय लिहिलं ते वाचायचं आणि विचारायचं, बरोबर लिहिलंय का.

सभेनंतर एका आठवड्यात एक तरी गोष्ट झालेली दिसली पाहिजे. लहान निवडा. संडासाची कडी दोनशे रुपयांच्या आत बसते, गळणारी तोटी बदलायला अर्धा तास लागतो. इमारत, कुंपण, वर्गखोल्या यांपासून सुरुवात केलीत तर वर्ष जाईल आणि हातात काही नसेल.

आणि पंधराव्या दिवशी उत्तर. सगळ्या सूचनांचं, एकही न गाळता. उत्तरं तीनच प्रकारची असतात: होणार, अमुक तारखेला; होणार नाही, अमुक कारणाने; अजून ठरलं नाही, अमुक तारखेला पुन्हा सांगू. ‘होणार नाही’ लिहायला हात अडखळतो, तिथेच चूक होते. खेळायला जागा नाही आणि शेजारची जमीन मिळणार नाही हे कारणासह सांगितलं तर पालक समजून घेतात. ‘बघू’ हे उत्तर नाही, ते वहीत लिहायचं नाही. काम ग्रामपंचायतीकडे किंवा महापालिकेकडे असेल तर अर्ज देऊन पोच घ्या, आवक क्रमांक आणि तारीख उत्तराच्या रकान्यात लिहा. तो क्रमांक दिसला की पालक स्वतः जाऊन चौकशी करतात, आणि एकट्या मुख्याध्यापकांच्या चौकशीपेक्षा चार पालकांची चौकशी लवकर लागू पडते. ग्रामसभेत शाळेचा विषय घ्यायचा तर तो विषयपत्रिकेवर आधी घालून घ्या, त्या दिवशी उभं राहून मांडलेला विषय पुढे ढकलला जातो.

उत्तरं फाटकापाशी फळ्यावर, मुलाला न्यायला आलेल्या माणसाला उभ्याने वाचता येतील इतक्या उंचीवर आणि इतक्या मोठ्या अक्षरात. तीच उत्तरं आवाजी निरोपात. ज्या पाड्यावर नेटवर्क नाही तिथे चौथीच्या मुलांकरवी वाचून घ्या. तक्रार करणाऱ्याचं नाव फळ्यावर नको.

पुढचं थोडक्यात. समितीची बैठक दर महिन्याला, पहिला विषय वही. नवी समिती बसली की वही तिच्यासमोर वाचून मगच हवाली करायची. आराखडा डिसेंबरअखेर तयार ठेवा, आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि शेवटच्या महिन्यात घाईने लिहिलेल्या आराखड्यात पालकांचं काही उरत नाही. आराखड्यातल्या प्रत्येक कलमापुढे वहीतला क्रमांक लिहा; ज्याला क्रमांक नाही ते कोणाच्या डोक्यातून आलं ते विचारा. खर्चाचा तक्ता फळ्यावर. एप्रिलमध्ये उरलेल्या सूचना लाल शाईने पुढच्या पानावर उतरवून घ्या, जूनच्या पहिल्या सभेत त्यांचीच उत्तरं आधी द्यायची आहेत.