औद्योगिक शहराची आणि त्याच्या भगिनी-शहरांची ओळख कशी करून द्यावी: कॉव्हेंट्रीचे उदाहरण

शाळेत किंवा गावच्या वाचनालयात परक्या शहराची ओळख करून द्यायची म्हटले, की आपण लोकसंख्या आणि हवामानापासून सुरुवात करतो आणि पाच मिनिटांत मुलांचे लक्ष खिडकीबाहेर जाते. औद्योगिक शहराची ओळख तेथील कामापासून करून द्यावी: तेथे काय बनत होते, तो धंदा का बसला आणि त्याच हातांनी पुढे कोणते काम धरले.

मध्य इंग्लंडमधील कॉव्हेंट्री एकेकाळी रेशमी फिती आणि घड्याळांसाठी नावाजलेले होते. १८६० मध्ये फ्रान्सशी झालेल्या व्यापारी करारामुळे तिकडच्या रेशमी मालावरील जकात उठली आणि फितींचे माग बंद पडू लागले. पुढे शिलाई यंत्रांच्या कारखान्यातच सायकली बनू लागल्या. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी आणलेल्या ‘रोव्हर’ सायकलीची चाके जवळजवळ सारख्या आकाराची होती आणि मागचे चाक साखळीने फिरत होते. आपल्या दारी येणाऱ्या दूधवाल्याच्या सायकलीचा आराखडा मुळात तोच आहे. हे सांगताना वर्गात एक सायकल उलटी उभी करावी आणि पायडल हाताने फिरवून दाखवावे. त्यानंतर मोटारींचे कारखाने आले, हे एका वाक्यात सांगितले तरी पुरते. मराठवाड्यातील श्रोत्यांना हा प्रवास परका वाटत नाही, कारण छत्रपती संभाजीनगरात हिमरूचे माग विरळ होत गेले आणि १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, हे त्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले असते. मात्र दोन्हीकडची कारणे एकच होती, असे सांगण्याचा मोह टाळावा.

भगिनी-शहरांकडे, म्हणजे मैत्रीचा करार केलेल्या दुसऱ्या देशांतील शहरांकडे, वळताना केवळ करारांची यादी वाचू नये, तर नाते कोणत्या प्रसंगातून जुळले ते सांगावे. त्याआधी किल्लारीच्या भूकंपाची आठवण करून द्यावी, कारण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतर अनोळखी गावांतून आलेली मदत आपल्याकडच्या कित्येक कुटुंबांनी स्वतः घेतली आहे. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी कॉव्हेंट्रीवर केलेल्या बॉम्बहल्ल्यात ५०० हून अधिक माणसे मेली आणि जुने कॅथेड्रल, म्हणजे शहरातील मुख्य चर्च, जळाले. पुढे त्याच युद्धात रशियातील स्टालिनग्राड शहर उद्ध्वस्त होत असल्याचे कळल्यावर या शहरातील ८०० हून अधिक स्त्रियांनी एका टेबलक्लॉथवर आपापली नावे भरली, प्रत्येकीने सहा पेन्स दिले आणि ‘मोठ्या सहानुभूतीपेक्षा थोडी मदत बरी’ अशा अर्थाचे शब्द त्यावर भरून तो तिकडे पाठवला. १९४४ मध्ये दोन्ही शहरांचे नाते अधिकृत झाले. येथे घाई करू नये; शक्य असल्यास एखादा भरतकाम केलेला रुमाल श्रोत्यांच्या हाती द्यावा, म्हणजे एक नाव भरायला किती टाके लागतात ते त्यांना दिसेल.

जर्मनीतील ड्रेस्डेनबद्दल मात्र सावकाश बोलावे. फेब्रुवारी १९४५ मध्ये ते शहर ब्रिटिश आणि अमेरिकन विमानांनी बेचिराख केले होते, आणि तरीही १९५९ मध्ये कॉव्हेंट्रीने त्याच्याशी नाते जोडले. माझ्या मते संपूर्ण परिचयातील सर्वांत मोलाचा भाग हाच आहे.

शेवटी नात्याची आजची स्थिती सांगावी. रशियाने युक्रेनवर केलेल्या आक्रमणानंतर २०२२ मध्ये कॉव्हेंट्रीने व्होल्गोग्राडशी, म्हणजे पूर्वीच्या स्टालिनग्राडशी, असलेले नाते स्थगित केले. हा भाग अवघड वाटला तरी गाळू नये. मुले प्रश्न विचारतील, म्हणून त्यासाठी दहा मिनिटे राखून ठेवावीत.