सोनकी ओळखताना या चुका टाळा

गणपती उठले, पावसाचा जोर उतरला, की त्र्यंबक रस्त्यावर गाड्या थांबायला लागतात आणि संध्याकाळी फोनवर पिवळ्याधमक उतारांचे फोटो येतात. खाली ओळ ठरलेली: ‘सोनकी फुलली!’ त्यातले बरेच फोटो सोनकीचे नसतात. सोनकी म्हणजे सह्याद्रीतलं अस्सल देशी फूल. पावसात उगवायचं, फुलायचं आणि थंडी सरेपर्यंत बी सोडून वाळून जायचं, एवढंच त्याचं आयुष्य. ते निदान नीट ओळखलं जावं असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यात जास्त घोटाळा खुरासणीशी होतो. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या भागांत खुरासणीची शेतं याच दिवसांत फुलतात. मीही एका शेताचा फोटो ‘सोनकी’ म्हणून जपून ठेवला होता. बांधावरच्या मावशी म्हणाल्या, “सोनकी नाही दादा, खुरासणी हाय ती. तेल काढतो आम्ही तिचं.” तेव्हापासून मी फुलाआधी पानं बघतो. खुरासणीची पानं, निदान खालची तरी, खोडावर समोरासमोर असतात. सोनकीची एकाआड एक. खुरासणीच्या पाकळ्या रुंद, साधारण आठ आणि टोकाला ठळक तीन दात्यांच्या. तिचं बी काळं, चकचकीत, बिनकेसांचं. चटणीतले कारळे ते हेच.

दुसरी चूक फोटो काढण्यातली. आपण वरून फोटो घेतो आणि मग ओळख अडते, कारण सूर्यफुलाच्या या कुळातली पिवळी फुलं वरून बहिणी-बहिणी दिसतात. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो खरं तर कित्येक बारीक फुलांचा गुच्छ असतो. कडेची प्रत्येक ‘पाकळी’सुद्धा स्वतंत्र फूल. ओळखीची खूण असते ती खाली. फूल हळूच कलतं करून त्याच्या तळाची हिरवी वाटी बघा. सोनकीत ही वाटी अरुंद, सारख्या उंचीच्या पट्ट्यांची, एकाच रांगेत जोडून बसलेली असते. अगदी बुडाशी काही बारीकशा पट्ट्या, बस्स. खुरासणीच्या वाटीत बाहेरच्या बाजूला पानांसारख्या पाच रुंद पट्ट्या दिसतात. आणि नावाने फसवणारी सोनकडी? तिच्या वाटीत पट्ट्यांच्या अनेक रांगा एकीवर एक बसलेल्या असतात, पाकळ्या पुष्कळ आणि दोऱ्यासारख्या बारीक, आणि वरची पानं खोडाला मिठी मारून बसल्यासारखी.

रस्त्याकडेला केशरी-पिवळी, उंच, बारीक चिरलेल्या पानांची झाडं दिसली तर तो कॉसमॉस, मूळचा मेक्सिकोकडचा. लांब दांडीवर एकच छोटं फिकट फूल असेल तर एकदांडी, तीही परदेशीच.

उंचीवर विसंबू नका. उघड्या कातळावरच्या चिमूटभर मातीत सोनकी वीतभर राहते, ओलाव्याच्या खोबणीत गुडघ्याला लागते, कधी शेवाळलेल्या झाडाच्या बुंध्यावरही उगवते. तिन्ही एकच. शास्त्रीय नावाचंही तसंच: जुन्या पुस्तकांत सेनेसिओ ग्रॅहामी, आता सेनेसिओ बॉम्बेएन्सिस. झाडं ओळखणाऱ्या ॲपने यातलं एक सांगितलं आणि पुस्तकाने दुसरं, तर दोन झाडं समजू नका. मात्र ॲपने त्याच वंशातलं युरोपातलं एखादं नाव पुढे केलं तर ते लगेच मान्य करू नका. त्याला पानांचा आणि तळाच्या वाटीचा फोटो द्या.

एवढं करूनही शंका उरली तर थांबा आणि त्याच जागी काही आठवड्यांनी परत जा. फुलं सुकल्यावर सोनकीच्या बियांवर पांढऱ्या रेशमी केसांचा झुपका येतो. सेनेसिओ हे नावच लॅटिनमधल्या ‘म्हातारा’ या अर्थाच्या शब्दावरून पडलंय, ते या पांढऱ्या केसांमुळे. कोरड्या दिवशी बघा. पावसात हे केस चिकटून बसतात आणि काहीच कळत नाही.

ओळख पटवायला पान चावून बघायची सवय काहींना असते. इथे ती नको. सेनेसिओ वंशातल्या झाडांमध्ये यकृताला इजा करणारी द्रव्यं असतात. आणि त्र्यंबकजवळच्या अंजनेरीच्या पठारावर गेलात तर उपटून बघू नका, पायवाट सोडून बसूही नका. तिथल्या गवतात सेरोपेजिया अंजनेरिकासारखी, फुलं नसताना नजरेला न दिसणारी दुर्मीळ झाडं सोनकीच्या शेजारीच असू शकतात.